उपाशीपोटी

सकाळी सात ते दहा
आमच्याकडे सगळे उपाशीच येतात.
धुळ्यात, गल्ली नंबर चार, जिना चढून डावीकडे.
बाही वर करून बाकावर बसतात
आणि काचेतल्या सहा माशांकडे बघतात,
म्हणजे सुईकडे बघावं लागत नाही.

मी बघायचे नाही.
मला बघायला मायक्रोस्कोप आहे.

सोमवारी कोकिळाबाईने फरशी पुसता पुसता हात थांबवला.
"ताई, हाऊ लाल्या कालपाईन खाई नही राहिना.
त्याना आंगवर मीठ भुरकेल शे."
म्हटलं, उजेडाचा खेळ असेल.
म्हटलं, संध्याकाळी बघू.
साठ नळ्या हलवायच्या होत्या, हळुवार, उलटसुलट,
गुठळी होऊ नये म्हणून.
तेवढ्यात एक मासा कुठे जातोय?

संध्याकाळी टॉर्च धरला.
मीठच.
शेपटीवर अकरा कण, कल्ल्यामागे चार,
आणि पर मिटलेले,
घरात आणून ठेवलेल्या छत्रीसारखे.
मध्येच उसळून दगडाला अंग घासायचा,
वासरू खांबाला घासतं तसं,
पुन्हा तळाशी.
मी कल्ले मोजले. मिनिटाला एकशे दहा.
हे जास्त की कमी?
आमच्या छापील कागदावर प्रत्येक आकड्यापुढे हद्द असते:
पुरुष, स्त्री, बालक.
मासा नसतो.

बोरसे सर म्हणाले, टाकून दे, चाळीस रुपयांना नवा येतो.
मग चष्मा कपाळावर चढवून स्वतःच काचेशी वाकले
आणि बराच वेळ उठले नाहीत.

पारोळा रोडच्या तौफीकने फोनवर आधी विचारलं,
पाणी कधी बदललं?
गेल्या आठवड्यात.
किती?
सगळं.
कुठलं?
नळाचं. आठ दिवसांनी आलं होतं, लगेच भरलं. ताजं.
तो जरा गप्प राहिला.
"ताजं नका देऊ, ताई. रात्रभर उघडं ठेवा, ब्लीचिंग उडू द्या.
आणि चौथा हिस्साच बदला.
हीटर लावा म्हणतात पुस्तकात. तुम्ही लावू नका,
मे महिना आहे, धुळं आहे.
हवेचा पंप मात्र थांबता कामा नये.
आणि मीठ. खडा, साधं."
बाकीच्या पाचांना काही दिसत नाही, मी म्हटलं.
"दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं."
हे वाक्य मी रोज सरांच्या तोंडून ऐकते.

तर ज्या टेबलावर रोज वीस जणांना मीठ तोडायला सांगतात
तिथे मिठाची पिशवी.
लघवीच्या डबीने मोजलं (नवीन डबी, सीलबंद),
वाटीत विरघळवलं,
आणि कोपऱ्यातून थोडं थोडं सोडलं.

बुधवारी साडेनऊला लाइट गेली.
पंप थांबला. सहाही वर आले,
तोंडं पाण्याच्या काठाला लावून.
कोकिळाबाईने काही विचारलं नाही.
तांब्या बुडवून पाणी उचलायची, उंचावरून सोडायची,
चहा गार करतात तसं,
पाऊण तास.
बाकावर पिंपळनेरचे एक बाबा, दंडाला कापूस दाबून.
"याचा रिपोर्ट कधी?"
उद्या, मी म्हटलं.
"उपाशीपोटी घेतला ना?"
चौथा दिवस आहे, बाबा. उपाशीच आहे.
ते हसले नाहीत.
सोडलेला बिस्किटांचा पुडा त्यांनी परत मिटला.

शुक्रवारी कण गळले. मी सगळ्यांना सांगितलं.
तौफीक म्हणाला, गळले म्हणजे गेले नाहीत,
तळाशी बसलेत, फुटतील, पुन्हा चिकटायला वर येतील.
अजून दहा दिवस धरा.

आता बंद करताना मी बादली भरून उघडी ठेवते.
जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ब्लीचिंगचा वास येतो.
आज लाल्याने एक दाणा तोंडात घेतला,
थुंकला,
पुन्हा घेतला. मग काय झालं ते दगडाआड दिसलं नाही.
मी रजिस्टरच्या मागच्या पानावर
वेळ लिहून ठेवली:
सात पंचवीस.